शुक्रवारच्या बातम्या : एका पुस्तकाची प्रस्तावना

१० ऑगस्ट २०१८ला शुक्रवार होता. त्या दिवशी अमेरिकेच्या एफबीआयने तिथल्या बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला. कुठल्या तरी बँकेच्या यंत्रणेत शिरून, बनावट कार्डं वापरून, जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा बेत शिजतो आहे आणि तो येत्या काही दिवसांत अमलात येईल, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, तसाच एक बेत तडीस गेला. बँक होती पुण्याची, १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिचे पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँकिंग जाळ्याच्या मार्गाने आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. एफबीआयच्या इशाऱ्याची बातमी ब्रायन क्रेब्ज या अमेरिकन पत्रकाराने फोडली ती मधल्या रविवारी.

पुढे दोन-तीन आठवडे पुण्यात या दरोड्याची चर्चा होती. रिक्षात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत सगळे एकच विचारत होते : माझे पैसे सुरक्षित आहेत ना? ठेवीदाराने हेच विचारायचं असतं. पण हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात बसून बँकांचीच सॉफ्टवेअर लिहिणारे आणि सांभाळणारे हजारो जणही तेच विचारत होते. दरोडा कसा पडला, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. खरं तर तो समजायला अवघड नव्हता. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती बँकेच्या ‘स्विच’कडे येते. स्विच ती कोअर बँकिंग यंत्रणेला दाखवतो, खात्यात शिल्लक आहे का ते विचारतो आणि मग हो किंवा नाही कळवतो. चोरांनी या खऱ्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. तो कोअर बँकिंगला काहीच विचारत नव्हता. येईल त्या विनंतीला हो म्हणत होता. म्हणून ग्राहकांच्या खात्यांतून रुपयाही वजा झाला नाही. गेले ते बँकेचे पैसे. दुसऱ्या कुठल्या बँकेसाठी किंवा विमा कंपनीसाठी काम करणाऱ्या इंजिनिअरने ही बातमी वाचून लगेच स्वतःच्या टीमला एक प्रश्न विचारायला हवा होता : आपल्या यंत्रणेत ‘हो’ म्हणणारा घटक खराच आहे, याची खात्री कोण करतं?

या पुस्तकाच्या लेखिकेचा सगळा आग्रह याच प्रश्नाभोवती आहे. आयटीत काम करणारा माणूस आपल्या व्यवसायाची बातमी ठेवीदारासारखी वाचतो, आणि ती कारागिरासारखी वाचायला शिकणं हेच त्याचं खरं शिक्षण, असं तिचं म्हणणं आहे. मला ते पूर्ण पटतं. म्हणूनच एरवी प्रस्तावना लिहायचं टाळणारा मी या वेळी लगेच हो म्हणालो.

आपण बातम्या वाचत नाही असं नाही, भरपूर वाचतो. कुठल्या कंपनीने किती टक्के हाइक दिली, व्हेरिएबल पूर्ण मिळाला की कापला, नोटीस पिरियड किती, बेंचवर किती दिवस चालतं, हे ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर बारकाव्यांसह माहीत असतं. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या बातमीचा शब्द न् शब्द लोकांनी वाचला. वाचायलाच हवा होता. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच. या बातम्यांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, लेखिकाही नाही. पण नोकरीची बातमी वेगळी आणि कामाची बातमी वेगळी. पहिली तुम्हाला सावध करते, पण तुमचं काम त्यातून सुधारत नाही.

कामाची बातमी बहुतेक वेळा वाईट असते. काहीतरी बंद पडलं, फुटलं, चोरलं गेलं. का कोण जाणे, ती शुक्रवारीही फार येते. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ला जगभरातले संगणक कुलूपबंद केले तो शुक्रवार. ‘लॉग फोर जे’ या घटकातल्या फटीचा गवगवा झाला तो १० डिसेंबर २०२१, शुक्रवार. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने विमानतळ ठप्प केले तो १९ जुलै २०२४, पुन्हा शुक्रवार. शुक्रवारी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही, हा आमच्या व्यवसायातला अलिखित नियम काही अंधश्रद्धा नाही. शनिवारी फोन उचलणारं कोणी नसतं, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे, आणि चोरांनाही तो ठाऊक असतो.

पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेखिका फार गाजावाजा न करता सांगते. वाईट बातमी अनेकदा आधीच येऊन पोचलेली असते. ती वाचली गेलेली नसते, एवढंच. वॉनाक्राय ज्या फटीतून शिरला ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ला दिला होता. पण याहून बोलकं उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीचं आहे. १ ऑगस्ट २०१२ला तिथे शेअरव्यवहारांची नवी सुविधा सुरू झाली. आठ सर्व्हर होते. नवा कोड सातांवर गेला, एकावर जायचा राहिला. नव्या सुविधेसाठी जो फ्लॅग वापरला, तो पूर्वी एका जुन्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या फंक्शनचा होता. ते फंक्शन आठव्या सर्व्हरवर अजून शिल्लक होतं, ते जागं झालं आणि ऑर्डरीमागून ऑर्डरी सोडत सुटलं. पाऊण तासात कंपनीने ४४ कोटी डॉलर घालवले. आता खरी मेख. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना आपोआप ९७ ईमेल पाठवले होते, आणि त्या जुन्या फंक्शनचं नाव त्यांत स्पष्ट होतं. बाजार नियामकाच्या आदेशात याची नोंद आहे. ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून तयार केलेले नव्हते, म्हणून कोणी त्यांची दखल घेतली नाही. रोज सकाळी इनबॉक्समधले दोनशे अलर्ट एका नियमाने थेट फोल्डरमध्ये ढकलणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

गिटलॅब या कोड-होस्टिंग कंपनीची गोष्ट याच जातीची, फक्त तिचा शेवट वेगळा. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री तिथला एक इंजिनिअर थकलेल्या अवस्थेत डेटाबेसचं काम करत होता. दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती, त्याने ती मुख्य सर्व्हरवर पुसली. चूक कळून कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. बॅकअप घेण्याच्या पाच पद्धती होत्या. एकही नीट चालत नव्हती. त्यांतली एक पद्धत सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे आधीपासूनच अयशस्वी होत होती. ते कळवणारे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी स्वतःच्या दुसऱ्या कामासाठी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, त्यावर सगळं निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला.

इथवरची गोष्ट कुठल्याही कंपनीत घडू शकते, आणि घडते. गिटलॅबचं वेगळेपण त्यानंतर सुरू होतं. दुरुस्ती चालू असताना त्यांनी आपली कामाची टिपणं सगळ्यांसाठी खुली केली, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्या अहवालात इंजिनिअरचा बळी दिलेला नाही. एका माणसाच्या चुकीच्या कमांडने कंपनी कोलमडत असेल, तर चूक कमांडची की पाच बॅकअप न तपासणाऱ्या व्यवस्थेची, असा त्याचा रोख आहे. आजही नव्या डेटाबेस अॅडमिनला एकच दस्तऐवज वाचायला द्यायचा झाला, तर मी तो देईन.

आपल्याकडे असं काय आहे? माझी तक्रार इथे आहे, आणि ती लेखिकेपेक्षा जरा कडवट आहे. चाळीस-पन्नास वर्षं आपण जगभरातल्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, दुकानं यांच्या यंत्रणा सांभाळतो आहोत. प्रॉड पडलं की रात्री तीनला फोन उचलणारा माणूस पुण्यात, बंगळूरला किंवा हैदराबादला असतो. पी-वन तिकीट, वॉर रूम, ब्रिज कॉल, आणि सगळं मिटल्यावर आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल. त्या आरसीएचं पुढे काय होतं? ती क्लायंटला जाते, एका शेअर्ड फोल्डरमध्ये पडते, आणि पुढच्या वर्षी नव्या टीमला केटी देताना कोणालाच ती आठवत नाही. गोपनीयतेचा करार असतो हे खरं. पण करार क्लायंटचं नाव सांगू नका म्हणतो. चुकीचा प्रकार सांगू नका असं दर वेळी म्हणत नाही. आपण मात्र सगळंच गिळून टाकतो, कारण अप्रेझलमध्ये ते आपल्या अंगावर येईल ही भीती असते. इतक्या वर्षांचा एवढा अनुभव आणि त्यावरचं वाचण्यासारखं लिखाण मूठभर.

सरकारी पातळीवरही माहिती वर जाते, खाली येत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. नियम योग्य आहेत. धोक्याच्या सूचनाही सर्ट-इन नियमित काढतं. पण एखाद्या मोठ्या घटनेची साद्यंत चिकित्सा, विमान अपघाताच्या अहवालासारखी, इथल्या साध्या सिस्टिम अॅडमिनच्या हाती सहसा पडत नाही. अमेरिकेत त्यासाठी एक मंडळ नेमलं होतं. लॉग फोर जेवर त्याने जुलै २०२२मध्ये पहिला अहवाल दिला आणि ही फट कदाचित दहा वर्षं किंवा त्याहूनही अधिक काळ इथे-तिथे सापडत राहील असा इशारा दिला. जानेवारी २०२५मध्ये ते मंडळही बरखास्त झालं. म्हणजे ही उणीव फक्त आपली नाही.

लॉग फोर जेवरचं प्रकरण मला पुस्तकातलं सर्वोत्तम वाटलं. लॉग फोर जे हा जावाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिण्याचं काम करणारा एक फुकट मिळणारा, साधासुधा घटक. नोंद लिहिताना मजकुरात विशिष्ट रचनेचा तुकडा आला, तर तो नुसता लिहून न ठेवता त्याचा अर्थ लावायचा आणि त्यात सांगितलेल्या पत्त्यावरून काही मागवायचं, अशी सोय त्यात होती. म्हणजे लॉगिनच्या चौकटीत किंवा ‘माइनक्राफ्ट’ खेळाच्या गप्पांत एखादी ओळ टाइप केली, की समोरचा सर्व्हर चोराच्या सर्व्हरकडून कोड आणून चालवणार. अलिबाबाच्या क्लाउड विभागातल्या चेन झाओजुन यांनी ही फट २४ नोव्हेंबर २०२१ला अपाचे संस्थेला कळवली. सीव्हीई-२०२१-४४२२८ असा तिला क्रमांक मिळाला आणि गांभीर्याचा गुणांक १० पैकी १०.

१० डिसेंबरनंतरच्या शनिवार-रविवारी जगातल्या बहुतेक आयटी टीमांची जी धावपळ झाली ती दुरुस्तीसाठी कमी आणि शोधासाठी जास्त होती. आपल्याकडे लॉग फोर जे आहे का, हेच कोणाला सांगता येत नव्हतं. तुम्ही तो वापरलेला नसतो. तुम्ही वापरलेल्या लायब्ररीने वापरलेल्या लायब्ररीने तो वापरलेला असतो. आणि दुरुस्ती तरी एकदाच कुठे झाली? २.१५ आवृत्ती आली, ती अपुरी ठरली. २.१६ आली, तिच्यातही खोट निघाली. मग २.१७, आणि तिच्यावर आणखी एक. पहिल्या बातमीनंतर पॅच लावून निर्धास्त झालेले लोक तीन आठवड्यांत दोन-तीन आवृत्त्या मागे पडले होते. बातमी मालिकेसारखी वाचावी लागते हे लेखिका इथे इतकं सविस्तर दाखवते की हे प्रकरण वाचल्यावर आपल्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या घटकांची यादी काढल्याशिवाय राहवत नाही.

क्राउडस्ट्राइकवर ती थोडक्यात लिहिते, मीही थोडक्यातच सांगतो. एका फाइलच्या रचनेत २१ रकाने अपेक्षित होते, ते पुरवणारा कोड २०च पुरवत होता. ती फाइल आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९.३९ला जगभर एकदम गेली आणि १०.५७ला मागे घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर इंडिगोने हाताने लिहून बोर्डिंग पास दिले, ते फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहावं आणि मगच सगळीकडे न्यावं, ही शिस्त तुमच्या रिलीजमध्ये आहे का हा प्रश्न मात्र फारसा कोणी फॉरवर्ड केला नाही.

आता सर्टिफिकेटांबद्दल, कारण ‘प्रोफेशनल डेव्हलपमेंट’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर तेच येतं. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं टिकतं, अॅमेझॉनच्या क्लाउडचंही तीन, मायक्रोसॉफ्टची कामाच्या भूमिकेनुसार मिळणारी बरीच एका वर्षात नूतनीकरणाला येतात. देणाऱ्यांनाच आपल्या ज्ञानाचं आयुष्य माहीत आहे, घेणारे ते विसरतात. त्यात परीक्षेआधी ‘डंप’ मिळवून उत्तरं पाठ करणाऱ्यांची संख्या पाहिली की वर्षाअखेरीच्या स्किल मॅट्रिक्समधल्या हिरव्या चौकटींवरचा विश्वास उडतो. तरी लेखिकेइतका मी यावर कठोर होणार नाही. लातूर किंवा जळगावच्या साध्या कॉलेजातून आलेल्या मुलीला मुलाखतीपर्यंत पोचवणारा तो एकच कागद असू शकतो. ज्यांच्यासाठी दार आधीच उघडं होतं त्यांनी त्याला हसू नये. तक्रार आहे ती दारातून आत आल्यावरही आयुष्यभर फक्त कागदच गोळा करत राहणाऱ्यांविषयी.

याच संदर्भात नव्वदच्या दशकाची आठवण पुस्तकात हवी होती असं मला वाटतं. तेव्हा मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात शेकडो मुलं वाय-टू-केच्या कामाला बसली होती. वर्षाचे दोनच आकडे साठवणारा कोबोलचा जुना कोड ओळीओळीने तपासायचा. कोणी परदेशी माणसाने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला, टिपा नसलेला कोड. या कामाची तेव्हा चेष्टा व्हायची. इकडे सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक उभा केलेला, आणि तिकडे आम्ही तारखा मोजतोय! पण त्या मुलांना एक गोष्ट मिळाली जी कुठल्याच कोर्सात नव्हती : दुसऱ्याचा कोड वाचण्याची सवय. २००० साल उजाडलं, गेलं, कोबोलची मागणी ओसरली, आणि ज्यांनी ती सवय कमावली होती ते पुढच्या प्रत्येक तंत्रज्ञानात तरून गेले.

आज ती सवय पुन्हा कामाला आली आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यानंतर काही दिवसांतच स्टॅक ओव्हरफ्लोला त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली, कारण उत्तरं दिसायला बरोबर आणि बऱ्याचदा चुकीची असत. यंत्रं तेव्हापासून खूप सुधारली, पण हा स्वभाव पुरता गेलेला नाही. म्हणजे आता पुन्हा रोज कोणी तरी परक्याने लिहिलेला कोड आपल्यापुढे येऊन पडतो, फक्त तो परका माणूस नाही. लिहिण्याचं काम स्वस्त झालं. वाचून ‘हे प्रॉडला जाऊ दे’ म्हणण्याची जबाबदारी तेवढीच महाग राहिली. एआयवरच्या रोजच्या पंचवीस बातम्यांपैकी कोणती आपल्या कामाची, हे ठरवण्यासाठी लेखिकेने एक साधी चाळणी दिली आहे. बातमीत काय बिघडलं आणि कसं सापडलं हे असेल तर वाचा. नुसतं काय येणार आहे हे असेल तर पुढच्या तिमाहीत वाचा. चाळणी जराशी भरड आहे, पण मी ती वापरू लागलो आहे.

अच्युत गोडबोल्यांसारख्यांमुळे संगणकाविषयीचं लेखन मराठी वाचकाला नवं नाही. ते मुख्यतः विषयाची ओळख करून देणारं आहे, आणि ती गरज त्याने उत्तम भागवली. हे पुस्तक त्यापुढच्या वाचकासाठी आहे, ज्याची ओळख कधीच झाली आहे आणि जो रोज त्याच कामावर जातो. त्यामुळे त्यात पोर्ट, पॅच, रोलबॅक हे शब्द जसे ऑफिसात येतात तसेच येतात, समजावून सांगण्यासाठी ते थांबत नाही. काही प्रकरणं त्यामुळे दाट झाली आहेत. कंटेनरवरचं प्रकरण तर मला दोन बैठकांत वाचावं लागलं, आणि त्यातली आकृती अजूनही पटलेली नाही.

कुठून सुरुवात करावी? फ्रेशर असाल तर ‘एक्सझेड’ या डेटा आवळणाऱ्या लायब्ररीवरचं प्रकरण आधी घ्या. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला मार्च २०२४मध्ये आपलं एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू झालंय असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ सभ्य सहकारी म्हणून वावरून त्या लायब्ररीत पेरलेलं चोरदार त्याच्या हाती लागलं. बारकाईने पाहायला हुद्दा लागत नाही हे त्यातून कळेल. ऑपरेशन्सवाल्यांनी थेट गिटलॅबकडे जावं, पण प्रकरणाच्या शेवटी दिलेलं रीस्टोअरचं काम करून पाहिल्याशिवाय पान उलटू नये. मॅनेजर मंडळींना माझी विनंती आहे की त्यांनी पाचवं प्रकरण सर्वांत आधी वाचावं. आरसीएच्या बैठकीत ‘हे कोणी केलं’ हा प्रश्न पहिला तासभर विचारायचाच नाही, असं त्यात सुचवलं आहे. ते त्यांना पटणार नाही; मलाही पहिल्या वाचनात पटलं नव्हतं, आणि यावरून लेखिकेशी माझा जो वाद सुरू झाला तो ही प्रस्तावना छापायला जाईपर्यंत मिटलेला नाही.